कप्तानाचा आवाज आणि पिराजीची मेंढरं

कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला, जिथं शनिवार-रविवारचे बंगले संपतात आणि माळ सुरू होतो, तिथं पिराजीची मेंढरं चरायची. पिराजीच्या एका खांद्यावर घोंगडी असायची आणि दुसऱ्या खांद्याला सुतळीनं लटकवलेला रेडिओ. मोबाइलच्या जमान्यात रेडिओ कोण ऐकतं, असं कुणी म्हणालं की पिराजी त्याच्याकडे दयेनं बघायचा. "तुमचा मोबाइल चार्ज कराया गावात जावं लागतंय. हितं शेल टाकलं का महिनाभर बघाया नगं."

रेडिओवर तो भजनं ऐके, बाजारभाव ऐके, खताच्या जाहिरातीसुद्धा मन लावून ऐके. पण खरा जीव जडला होता तो 'दूरचा तळ' या मालिकेवर. जवळच्याच एका लहानशा रेडिओ केंद्रावरून ती दर शनिवारी दिवेलागणीला लागायची. पृथ्वीवरचं पाणी आटलंय, म्हणून काही माणसं यानात बसून राहायला जागा शोधत एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर चालली आहेत, अशी ती गोष्ट. यानाचा प्रमुख कप्तान जनार्दन, यान हाकणारी तरणी गौतमी आणि सगळ्यांची उठबस बघणारं एक बोलकं यंत्र. त्याचं नाव सोबती.

आता चांदण्यांशी धनगराचं काय देणंघेणं, असं तुम्हाला वाटेल. पण पिराजीच्या मते ही माणसं धनगरच होती. पाणी बघून तळ टाकायचा, चारा संपला की उचलायचा, वाटेत जन्मलेलं पोर वाटेतच वाढवायचं. दुसरं काय वेगळं करत होते ते? त्याची बायको कोंडाबाई माळावरच्या खोपटातल्या चुलीपुढून विचारायची, "आवं, पर त्यांच्यापाशी मेंढरं कुटं हायेत?"

"असतील की मागच्या डब्यात. सगळंच सांगत बसत्यात व्हय?"

भाग संपला की केंद्रावरची निवेदिका किमया सांगायची, कसा वाटला ते बोलून पाठवा. पिराजी ते हुकमासारखं पाळायचा. संध्याकाळी शेळ्यांचं दूध न्यायला सून समीक्षा गावातून वर यायची, तिच्या फोनात तो निरोप भरून पाठवायचा. एकदा यान कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरलं, तेव्हा त्यानं निरोप धाडला होता, "कप्तानसाहेब, वढ्याच्या पात्रात तळ टाकू नगा, रातीत वाहून जाल." किमयानं तो निरोप रेडिओवर ऐकवला आणि हसत सांगितलं, काका, त्या ग्रहावर पाऊसच पडत नाही. पिराजी तरी हटला नाही. "पाऊस न्हाई, मग पाणी हुडकत तितं कशाला गेली ही खुळी?" पण आपला आवाज रेडिओतून आला याचा त्याला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात भेटेल त्याला थांबवून त्यानं ही हकिकत सांगितली. ज्यांनी स्वतः ऐकलं होतं त्यांनाही सांगितली.

आवाज होताच तसा. हाक मारण्याआधी पिराजी एकदा खाकरायचा, बिडीनं भरलेल्या छातीतला दणदणीत खाकरा, आणि मग "हुर्रर्र हाऽऽ!" टेकाडापलीकडची मेंढरं चरणं टाकून निघायची. कोंडाबाईकडे कोकरं, शेळ्या आणि चूल. तिच्या हाकेला कोकरं धावायची, पण मोठा कळप ढिम्म हलायचा नाही. "जलमभर ह्यांच्या लेंड्या काढल्या," ती कुरकुरायची, "आन माजी हाक म्हंजी ह्यांना वारा!" पिराजी मिशीत हसायचा. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही.

तोच आवाज दिवाळीनंतर बसला. आधी बिडीला दोष दिला, मग थंडीला, मग बंगल्यांची बांधकामं आणि त्यांच्या धुळीला. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाणारा मुलगा सोमनाथ सुट्टी टाकून त्याला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, समोर बसवून नीट समजावलं. गळ्यातल्या आवाजाच्या पेटीत कॅन्सर आहे. पेटी काढली तर जीव वाचेल. आवाज मात्र जाईल. पुढेमागे गळ्याला यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, पण त्याला वेळ लागतो.

पिराजीनं ऐकून घेतलं. परतीच्या वाटेवर पिरंगुटाला त्यानं सोमनाथला मोटारसायकल थांबवायला लावली आणि बजावलं, "आईला सांगायचं न्हाई." कोंडाबाईला सांगितलं, घसा सुजलाय, बारीक ऑपरेशन आहे. इतकी वर्षं एका चुलीपुढं जेवलेल्या बाईपासून एवढी मोठी गोष्ट लपते, असं त्याला वाटलं. पुरुषांना वाटतं तसं.

शनिवार आला. आदल्या भागात कप्तान जनार्दन यान दुरुस्त करायला बाहेर गेला होता आणि दोर तुटला होता, त्यामुळे पिराजीचा आठवडा वाईट गेला होता. भाग सुरू झाला. अंधारात सगळी रडताहेत, गौतमीचे हात चालत नाहीत आणि अचानक कप्तानाचा आवाज आला. "घाबरू नका. मी आहे." पिराजीनं मांडीवर थाप मारली. "बघ कोंडे, म्हनलं न्हवतं? आला का न्हाई?" कप्तान आवाजानं वाट सांगत गेला, गौतमी यान हाकत गेली, धोका टळला. आणि भाग संपता संपता कळलं, की कप्तान केव्हाच मेलाय. यानातल्या माणसांचा धीर सुटू नये म्हणून सोबती हे यंत्रच त्याच्या आवाजात बोलत होतं.

पिराजीनं रेडिओ फाटकन बंद केला आणि घोंगडीवर भिरकावला.

"आवं! संपली न्हाई ती अजून," भाकरी थापता थापता कोंडाबाई म्हणाली.

"संपली! माणूस मेला आन त्यो डबा त्याच्या तोंडानं बोलतोय! लाजा न्हाईत? माणूस न्हाई आन आवाज हाय. आन हितं माणूस ऱ्हायचा आन आवाज..."

पुढचं तो गिळायला गेला, पण उशीर झाला होता. कोंडाबाईचे हात परातीतच थांबले. "कुणाचा आवाज?"

मग सांगावंच लागलं. आवाजाची पेटी, कॅन्सर, डॉक्टर, सगळं. कोंडाबाई रडली नाही. तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. "सोम्याला ठावं. डाक्टराला ठावं. मी कोण तुमची? वाटंवरची?" एवढं बोलून ती चुलीकडे तोंड आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली.

पिराजी बाहेर आला. मेंढरं वाघरीच्या तोंडाशी गोळा होत होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. समीक्षा दुधाची किटली घेऊन उभी होती. तिनं आतलं ऐकलं होतं की नाही देव जाणे, पण सासऱ्यानं हात पुढे करताच तिनं गुपचूप फोन सुरू करून दिला. पिराजी आधी खाकरला. मग बोलला.

"किमयाताई, मी पिराजी बोलतोय, आंबोलीच्या माळावरनं. आज तुमी लई वंगाळ केलंत. माणूस गेला का त्याचा आवाज बी त्याच्यासंगट जाऊ द्यावा. त्या गौतमीला आज बरं वाटंल. पर उद्या ती त्याला जेवा म्हनंल, तवा त्यो डबा काय जेवणार हाय? नुसता आवाज म्हंजी माणूस न्हवं, ताई... हुर्रर्र हाऽऽ! हाऽ, हाऽ! आरं ती शिंगाडी बघ कुटं निघाली! कोंडे! ए कोंडे!"

कोंडाबाई उठली नाही. उत्तरही आलं नाही. पिराजी थांबला. मेंढरांच्या घंटा वाजत राहिल्या.

"आगं, ऐकतीस का?"

तरीही काही नाही.

"रुसली ही. बरं ताई, ठेवतो."

पुढच्या शनिवारी केंद्रानं हा निरोप ऐकवला, पण मेंढरं आणि कोंडाबाई तेवढी गाळून. पिराजीला ते मुळीच आवडलं नाही.

कोंडाबाईचा त्या रात्रीचा रुसवा मात्र दुसऱ्या सकाळच्या चहापर्यंतच टिकला होता. चहाची कपबशी पुढे सरकवून ती म्हणाली होती, "त्या कप्तानावानी करू या की. तुमची हाक फोनात भरून ठिवू. मेंढरांना काय ठावं तुमची ष्टोरी?"

"म्या कालच त्यांना शिव्या घातल्या त्यापायी!"

"त्यो मेला व्हता. तुमी काय मरताय का? मग झालं तर."

पिराजीनं चहा बशीत ओतला. आणि खरी भीती त्याला वेगळीच होती. सोमनाथ एकदा दबक्या आवाजात बोलला होता, की ऑपरेशननंतर माळावर हिंडणं काही जमायचं नाही, कळप पाव्हण्यांना देऊन टाकू, तुम्ही दोघं खाली गावात आमच्या खोलीत या. मुलाचं चुकत नव्हतं. पण खाली खोलीत पिराजी करणार काय? कुणाला हाक मारणार? ज्याच्या हाकेला शंभर पायांची धूळ उडते तो माणूस, आणि जो पलंगावर बसून भिंत बघतो तो माणूस, यांच्यात त्याला फरक दिसत होता. कळप गेला की आपलं काही उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो तयार झाला.

आणि एकदा तयार झाल्यावर पिराजीनं ते काम पिराजीसारखंच केलं. रेडिओवाले बंद खोलीत बोलतात, हे त्यानं ऐकलं होतं. सोमनाथच्या खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला, कुत्र्याला हाकललं. अंगावरून गोधडी घेतली. त्याआधी मिठाच्या गुळण्या आणि हळदीचं दूध झालं होतंच. नवा फेटासुद्धा बांधला. आवाजात फेटा दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार? गोधडीत घामाघूम होऊन त्यानं हाक मारली, अगदी कप्तान जनार्दनासारखी, खर्जात, सावकाश. मधेच खाकरा आला तर समीक्षा म्हणायची, "मामा, तेवढा ठसका काढून परत घेऊ." ठसका काढून परत घेतलं. सगळ्यांनी ऐकलं. सोमनाथ म्हणाला, "आबा, शेम रेडिओ!" पिराजीला धन्य वाटलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. कोंडाबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली, घरी जा म्हटलं तरी गेली नाही. पिराजी परत आला तो गळ्याला भोक आणि त्यावर पातळ फडकं घेऊन. श्वास आता तिथूनच. तोंडातून वारा येत नाही म्हटल्यावर शीळसुद्धा गेली, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं ओठांचा चंबू केला आणि तसाच राहिला. कोंडाबाईनं न बघितल्यासारखं केलं.

अंगात थोडी ताकद आल्यावर एका संध्याकाळी सगळे माळावर गेले. दगडावर स्पीकर ठेवला, फोन जोडला, समीक्षानं हाक लावली. कप्तान जनार्दनाला शोभेल असा तो आवाज माळभर घुमला. मेंढरं चरत राहिली. पुन्हा लावला. एका मेंढीनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. सोमनाथनं आवाज मोठा केला, तशी सगळी मेंढरं बुजली आणि धावली ती थेट एका बंगल्याच्या बागेत. शेवंती गेली, गुलाब गेले. राखणदार हिंदीत काय काय बोलला. पिराजी हात जोडून उभा राहिला. माफी मागायलाही आवाज लागतो, हे त्याला तेव्हा कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर कारखान्यातून सुटून सोमनाथ तसाच माळावर यायचा, काठी घेऊन पळायचा, अंधार पडेपर्यंत मेंढरं वळवायचा. पोरगं वाळायला लागलं. शेवटी तो म्हणाला, "आबा, रविवारी पाव्हण्यांना बोलावतो. बघून जाऊ द्या कळप." मान हलवून नाही म्हणता आलं असतं. पण कशाच्या जोरावर? पिराजीनं होकार दिला आणि घोंगडी तोंडावर ओढून घेतली. त्या आठवड्यात त्यानं रेडिओही लावला नाही.

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घडलं ते. ऊन उतरलं होतं, मेंढरं पलीकडच्या उतारावर पांगली होती, सोमनाथ अजून यायचा होता. समीक्षा दुधासाठी आली होती. पिराजी दगडावर बसून वाघरीची गाठ सोडत होता. कोंडाबाई पाटीत शेळ्यांना पाला घेऊन आली, सुनेजवळ थांबली आणि कुणी चोरी पकडावी तशी खाली बघून म्हणाली, "समीक्षा, त्या दिशी ते रेडिओवाल्यांना काय बोलले गं? समदं? म्या रुसून बसलेली, ऐकलंच न्हाई. आता ऐकू वाटतंय."

तिला मेंढरांचं काही सुचलं नव्हतं. तिला फक्त नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. कप्तानाचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा. समीक्षानं फोनात शोधून तो निरोप लावला. पिशवीतला स्पीकर फोनला जोडलेला राहिलाय, हे तिच्या लक्षात नव्हतं.

माळावर दणदणीत खाकरा घुमला.

पलीकडच्या उतारावर शिंगाडी मेंढी चरायची थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"किमयाताई, मी पिराजी बोलतोय, आंबोलीच्या माळावरनं..."

समीक्षा घाईनं बंद करायला गेली, पण पिराजीनं हात उंचावून तिला थांबवलं. तो उठून उभा राहिला होता. मेंढरं वळली होती. तो स्पीकरातून भांडत होता, माणूस गेला की आवाज जाऊ द्यावा म्हणून हुज्जत घालत होता, आणि त्या हुज्जतीच्या रोखानं त्याचा कळप उतार उतरत होता. इतके दिवस त्यांना गोधडीतला कप्तान नको होता. त्यांना हा घोगरा, चिडका, बिडीचा पिराजी हवा होता. "हुर्रर्र हाऽऽ!" म्हटल्यावर तर ती पळतच सुटली. धूळ उडाली. पिराजीच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं, की गळ्यावरचं फडकं फडफडायला लागलं.

"कोंडे! ए कोंडे!"

स्पीकरातला पिराजी थांबला. त्या दिवशी जिथं उत्तर आलं नव्हतं, ती जागा आली. नुसत्या घंटा वाजत होत्या, स्पीकरातल्या आणि माळावरच्या.

कोंडाबाईच्या हातातून पाटी पडली.

"आले वो!" ती ओरडली. "आले, आले!"

"आगं, ऐकतीस का?"

"ऐकतिया! ऐकतिया वो मी!"

"रुसली ही."

"न्हाई रुसले," कोंडाबाई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

पिराजी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं पुढं होऊन तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही. मेंढरं दोघांच्या पायांत येऊन घुटमळायला लागली. मग कोंडाबाईनं डोळे पुसले, आत जाऊन भाकरी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली. "जेवा," ती म्हणाली. त्यानं तुकडा मोडला आणि जेवला.

रविवारी पाव्हणे आले, चहा पिऊन, कोकरांची चौकशी करून परत गेले. सोमनाथनं त्यांना काय सांगितलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या शनिवारी रेडिओ पुन्हा लागला. मधल्या भागांत काय झालं ते समीक्षा सांगायला लागली, तर पिराजीनं तिला हातानंच सुरुवातीपासून सांग म्हणून खुणावलं.

आता रोज ऊन उतरलं की तो निरोप माळावर वाजतो. बंगल्यांतल्या लोकांनाही तो पाठ झालाय. मेंढरं "हुर्रर्र हाऽऽ" पर्यंत निम्मा उतार ओलांडतात, आणि बऱ्याचदा पुढचं बोलणं व्हायच्या आतच वाघरीत शिरलेली असतात. परवा तशीच ती आत गेली, तेव्हा समीक्षानं विचारलं, "आत्याबाई, आली सगळी. करू बंद?"

पिराजी शेजारीच गाठ मारत होता. कोंडाबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि सुनेला म्हणाली, "थांब जरा. मला हाक मारायची ऱ्हायलीय त्यांची."